पट्टी, स्केल आणि सप्तक: तिन्ही एकच का?

प्रश्न: मुलगी गंगापूर रोडला पेटी शिकायला जाते. बाई सांगतात, "काळी दोन धर." शेजारचा गिटारवाला विचारतो, "स्केल कोणतं?" आणि वहीत लिहिलंय "तार सप्तक". ही एकाच गोष्टीची नावं का?

पंचवटीहून: नाही. सप्तक आधी बाजूला काढा. सा ते नी हा सात स्वरांचा गट म्हणजे सप्तक. खालचं मंद्र, मधलं मध्य, वरचं तार. पट्टी म्हणजे तुम्ही सा कुठे धरलाय ते. पेटीवर एका सप्तकात बोटाने दाबायच्या पट्ट्या पांढऱ्या सात, काळ्या पाच; काळी दोन म्हणजे त्यातली दुसरी काळी. सा पांढरी एकवर धरला तर शुद्ध ग पांढरी तीनवर आणि प पांढरी पाचवर येतो. तेच काळी दोनला सा धरा, ग पांढरी पाचवर आणि प थेट काळी पाचवर जातो. वहीतलं 'सा ग प' मात्र एका अक्षराने बदलत नाही. आपल्या स्वरलिपीची हीच तर गंमत आहे.

सिडकोतून: मग स्केल?

पंचवटीहून: गवई "स्केल काय?" म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा पट्टीच विचारत असतात. पाश्चात्त्य संगीतात मात्र स्केल म्हणजे ठरावीक अंतरांवरच्या स्वरांची मांडणी. त्यांचं मेजर स्केल म्हणजे आपला बिलावल थाट (थाट म्हणजे सात स्वरांचा साचा), सगळे स्वर शुद्ध. 'स्केल चेंजर' पेटीतला स्केल पुन्हा पट्टीच! तिथे दाबायच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा सबंध संचच सरकतो. बोटं तीच, सा दुसरा.

नाशिकरोडहून: "वरच्या पट्टीत बोलू नकोस" म्हणतो ते बरोबर का मग?

पंचवटीहून: अगदी बरोबर, सगळं बोलणंच वर चढलेलं असतं. टिपेचा सूर वेगळा. टीप म्हणजे तार षड्ज, वरच्या सप्तकातला सा. पट्टी न बदलता तिथे पोचता येतं.

वहीबद्दल एक मात्र विचारून घ्या: लिपी भातखंडे की पलुस्कर, म्हणजे या दोन संगीतकारांपैकी कुणाची स्वर लिहायची पद्धत? भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब असेल तर तार सप्तक, पायाशी असेल तर मंद्र. पलुस्कर पद्धतीत डोक्यावरचं टिंब मंद्राचं. तार सप्तकाला उभी रेघ. समेची (तालाच्या पहिल्या मात्रेची) खूणही भातखंड्यांत फुली, पलुस्करांत १. कोमल, म्हणजे शुद्धाहून उतरलेल्या, स्वराला भातखंड्यांची खाली आडवी रेघ, पलुस्करांचा पाय मोडलेला. (पलुस्करबुवांचा रामनाम आधाराश्रम आपल्या पंचवटीतच होता, म्हणून माझा कल कुठे ते सांगायला नको. पण वाचायला भातखंडे सोपी, हे कबूल.)

प्रश्नकर्ती: वही उघडून पाहिली. समेला फुली आहे.

पंचवटीहून: मग भातखंडे. टिंब वर, सूर वर.