दोन फुटी रीफ टँकला महागडी लाइट म्हणजे निव्वळ हौस!

खारट_मुलुंडकर:
आधीच सांगतो, भांडायलाच धागा काढलाय. माझा दोन फुटी रीफ टँक आहे, म्हणजे खाऱ्या पाण्याचा, कोरल ठेवायचा, साठेक लिटरचा, वन बीएचकेत टीव्हीशेजारी, वर्ष होत आलं. आत झोआ, मशरूम आणि एक लेदर, सगळं सॉफ्ट, म्हणजे कडक सांगाडा नसलेलं कोरल. वर काय, तर ३० वॉटचा साधा ६५०० केल्विनचा पांढरा एलईडी फ्लडलाइट आणि एक निळी पट्टी. बास. सहा तोंडांचा झोआ आणलेला, आता मोजायचं सोडून दिलंय. तरी फोटो टाकला की पहिला सल्ला ठरलेला, "लाइट बदल". अरे, ते सुचवतात ती ब्रँडेड रीफ लाइट माझ्या टँक, स्टँड, पंप सगळ्याच्या बेरजेपेक्षा महाग आहे!

आणि पांढरा एलईडी म्हणजे असतो काय, तर ४५० नॅनोमीटरच्या आसपासची निळी चिप, वर पिवळा फॉस्फर फासलेला, निळ्यात पिवळा मिसळून उजेड पांढरा करणारा लेप. कोरलच्या पोटातल्या शेवाळाला जो निळा लागतो तो त्यात आहेच की. मग लोक टँक निळाशार करतात तो कोणासाठी, तर स्वतःच्या डोळ्यांसाठी, हिरवा-केशरी रंग चमकावा म्हणून. हौस आहे तर करा ना, पण नवीन माणसाच्या गळ्यात गरज म्हणून मारू नका.

दादरची_रीफवेडी:
दादा, फॉस्फरचं म्हणणं मान्य, पण तुझ्याकडे जे जगतंय ते कमी उजेडात तगणारंच आहे. मशरूमला ५० पार (PAR, कोरलच्या शेवाळाला वापरता येणाऱ्या उजेडाचं माप) मिळाला तरी तो खूष. हेच अ‍ॅक्रोपोरा ठेवून दाखव, कडक सांगाड्याचं कोरल ते, त्याला २०० ते ३५० लागतो, मग बघू तुझा फ्लडलाइट.

आणि खरा मुद्दा डिमरचा आहे. फ्लडलाइट एकतर चालू नाहीतर बंद. मी नवीन लाइट आणली तेव्हा उत्साहात पहिल्याच दिवशी फुल्ल लावली, टोडस्टूल लेदर तीन आठवडे मिटून बसला आणि कडेने फिकट पडला. नंतर ३० टक्क्यांवर आणून दर आठवड्याला थोडं थोडं चढवलं तेव्हा कुठे सावरला. चूक माझीच, पण सुधारता आली ती डिमर होता म्हणून. तू काय करणार, फ्लडलाइटवर ओढणी टाकणार?

गिरगावचे_काका:
अगं, अ‍ॅक्रोचं उदाहरण देऊच नकोस. कडक सांगाड्याची रीफ बांधणारी सगळी कोरलं १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीत. आपल्याकडे नियमात राहायचं तर सॉफ्टच, आणि ३५० पारच्या गप्पा सगळ्या बाहेरच्या देशांतल्या व्हिडिओंतून आलेल्या. या बाबतीत मी मुलुंडकरांच्या बाजूने.

पण मी एलईडीवाला नाही हो. टी-फाइव्ह ट्यूबचा उजेड कसा चादरीसारखा पसरतो, कोपरान् कोपरा सारखा, दगडाखाली काळोख नाही. एलईडीचा मधे भगभगाट आणि कडेला संध्याकाळ.

दादरची_रीफवेडी:
काका, कायद्याचं बोललात ते पटलं, अ‍ॅक्रो मागे घेते. पण टी-फाइव्ह? २४ वॉटच्या चार नळ्या, रोज नऊ तास, महिन्याला २६ युनिट फक्त उजेडाला. नळ्या दरवर्षी बदला ते वेगळंच. त्यात मुंबईचा मे. टँक ३० अंशांच्या वर गेला की पंखा लावायचा, पण हवेतच एवढा दमटपणा की पाणी उडणार कसं आणि गार होणार कसं?

गिरगावचे_काका:
ते मला नको सांगूस, मी १५० वॉटचा मेटल हलाइडचा तापणारा दिवा लावून पाणी गार करायला चिलर घेतलेला माणूस आहे. तेव्हाचं लाइट बिल बायकोने अजून जपून ठेवलंय, भांडणात काढते.

वसईचा_बाल्या:
एवढा खर्च कशाला राव, बाल्कनीत ठेवा, ऊन फुकट आहे. हाजी अलीच्या खडकांवर ओहोटीला जाऊन बघा, झोआचे गालिचे पसरलेत, तेही त्या गढूळ पाण्यात. त्यांना कोणी लाइट लावली?

दादरची_रीफवेडी:
ओहोटीला उघडे पडतात तेव्हा ते डोक्यावरचं ऊन खातात, भर दुपारी २००० पारच्या आसपास. आणि जून ते सप्टेंबर तुझ्या बाल्कनीत काय असणार, ढग. एप्रिल-मेमध्ये साठ लिटरचं सूप होईल ते वेगळंच. आणि कृपा करून तिथून काही खरवडून आणू नका कोणी, झोआच्या जातभाई पॅलिथोआंपैकी काहींमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं विष असतं, जीवघेणं प्रकरण आहे.

वायरमन_ठाणे:
पार-बिर तुम्ही बघा, मी फक्त एवढंच बोलतो. फ्लडलाइटवर आयपी ६५ लिहिलंय ते पावसाच्या पाण्यासाठी, मिठाच्या फवाऱ्यासाठी नाही. मित्राच्या टँकवरचा एक उघडला तर आत स्क्रू गंजलेले, अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी पावडर, वायरचं इन्सुलेशन कडक झालेलं. मधे काच किंवा अ‍ॅक्रिलिक टाका, वायर सॉकेटच्या खाली लोंबती ठेवून मग वर न्या म्हणजे थेंब सॉकेटमध्ये जाणार नाही, आणि त्या लाइनवर ३० मिलीअँपचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) हवाच. नसेल तर टँकमध्ये हात घालू नका, मग लाइट ब्रँडेड असो नाहीतर लोकल.

खारट_मुलुंडकर:
वायरमन भाऊ, तुमचं वाचून काल रात्री फ्लडलाइट उतरवून बघितला. पावडर आहे. मधे अ‍ॅक्रिलिक टाकलं, आरसीसीबीला माणूस सांगितलाय, तोवर मेन बंद केल्याशिवाय हात घालत नाही.

आणि रीफवेडी ताई, आज एकाकडून पार मीटर उसना आणला. मोबाइलच्या लक्स अ‍ॅपवर माझा आधीच भरवसा नव्हता, ते आपल्या डोळ्यासारखं हिरव्या-पिवळ्याला भुलतं, निळा त्याला दिसतच नाही धड. तर मीटरवर मधल्या दगडावर आला ११०. सॉफ्टला भरपूर! बोला आता.

दादरची_रीफवेडी:
मधे ११० ठीक. कोपऱ्यात?

खारट_मुलुंडकर:
२८.

गिरगावचे_काका:
चादर, म्हटलं होतं मी, चादर!

खारट_मुलुंडकर:
काका, म्हणूनच मशरूम कोपऱ्यात ठेवलेत. डिमर मात्र बघतोय, पण साधा, मोबाइल अ‍ॅपवाला नाही.