पायथन ३.९ वरून थेट ३.१४: उडी मारू की पायरी-पायरीने जाऊ?

कोरी_पाटी

नमस्कार मंडळी,

ऑफिसातला एक जुना पसारा माझ्या गळ्यात पडलाय. ज्याने लिहिला तो कधीच नोकरी सोडून गेला, कागदपत्रांच्या नावाने शिमगा. साधारण सहा हजार ओळी, सगळं पायथन ३.९ वर. कामं तीन. जुन्या नेटवर्क स्विचेसना टेलनेटने (दूरच्या यंत्राला जोडायची जुनी पद्धत) जोडून आकडे आणायचे. रात्री त्या लॉग फायली चाळून बेरजा करायच्या, त्यासाठी मल्टिप्रोसेसिंगचा पूल (एकाच वेळी चालणाऱ्या अनेक प्रोसेस) वापरलाय. आणि फाइल अपलोड करायला एक छोटंसं सीजीआयवर (वेब सर्व्हरने स्क्रिप्ट चालवायची जुनी पद्धत) चालणारं पान.

३.९ चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, आता सुरक्षेचे पॅचही येणार नाहीत, म्हणून सिक्युरिटीवाल्यांनी लकडा लावलाय. तर प्रश्न असे: थेट ३.१४ वर जाऊ की ३.१२ सारखी मुरलेली आवृत्ती घेऊ? आणि नव्या पायथनमध्ये जीआयएल (एका वेळी एकच थ्रेड चालू देणारं कुलूप) काढून टाकलंय म्हणतात, मग रात्रीचं चार तासांचं काम आपोआप पळायला लागेल का?

टेस्ट आहेत, पण असून नसल्यासारख्या.

तिरपी_रेघ

३.१२ वर जा आणि झोपा. नव्या आवृत्तीतले खड्डे आधी इतरांना बुजवू द्यावेत.

अर्धविराम

तिरपी_रेघ, एरवी मीही हेच म्हटलं असतं, पण हिशोब जमत नाही. दर ऑक्टोबरला एक नवी आवृत्ती येते आणि साधारण पाच वर्षं जगते. ३.१२ ला एप्रिल २०२५ पासून फक्त सुरक्षेचे पॅच मिळतात, विंडोज आणि मॅकचे तयार इन्स्टॉलरही बंद झालेत. ऑक्टोबर २०२८ ला तीही जाणार. ३.१४ ही ७ ऑक्टोबर २०२५ ला आली, ती २०३० पर्यंत आहे. एवढी उस्तवार करायचीच तर दोन वर्षांत परत कशाला?

पण कोरी_पाटी, तुमची खरी अडचण आवृत्ती नवी असण्याची नाहीच. काय काय काढून टाकलंय ते बघा. ३.१२ मध्ये पॅकेज बांधणारं डिस्टयुटिल्स गेलं. ३.१३ मध्ये स्टँडर्ड लायब्ररीतली (पायथनसोबतच येणारी) एकोणीस जुनी मॉड्यूल्स एका झटक्यात गेली, आणि त्यात टेलनेटलिब आणि सीजीआय दोन्ही आहेत. म्हणजे तुमच्या तीनपैकी दोन कामं इंपोर्टच्या ओळीवरच आडवी होणार.

आणि तुम्हाला याची सूचना कधी मिळालीच नसणार, कारण ही मॉड्यूल्स मोडीत निघणार असा इशारा ३.११ पासून सुरू झाला. तुम्ही ३.९ वर. त्यात डेप्रिकेशनच्या वॉर्निंग एरवी लपवलेल्याच असतात. थेट चालवलेल्या मुख्य फाइलमधल्या तेवढ्या दिसतात, आतल्या मॉड्यूलमधल्या गिळल्या जातात.

म्हणून माझा सल्ला: ३.१२ वर जा, पण झोपायला नको, मुक्कामाला. ही दोन्ही मॉड्यूल्स शिल्लक असलेली आणि त्यांच्याबद्दल बोंबलणारी ती शेवटची आवृत्ती. तिथे 'डब्ल्यू' पर्यायाने सगळ्या वॉर्निंग चालू करून आठवडाभर सगळी कामं चालवा. जी यादी हाती येईल ती उरकली की पुढे सरका.

अजून एक. लिनक्सच्या सिस्टीमच्या पायथनला हात लावू नका. मी एकदा ऐन शुक्रवारी संध्याकाळी त्याची लिंक नव्या आवृत्तीकडे वळवली होती, त्यानंतर पॅकेज मॅनेजरच उठेना. वेगळं पायथन यूव्ही किंवा पायएन्व्ह या साधनांनी आणा. पायएन्व्ह सोर्समधून बिल्ड करतं, तेव्हा एसएसएल आणि एसक्यूलाइटच्या हेडर फायली आधी टाकून घ्या, नाहीतर बिल्ड अडतं, किंवा पार पडतं आणि मॉड्यूल मात्र गायब असतं.

कोरी_पाटी

बापरे. टेलनेटलिब गेलं हे खरंच माहीत नव्हतं. स्विच इतके जुने आहेत की त्यांना एसएसएच (टेलनेटऐवजीची सुरक्षित पद्धत) कळत नाही. मग करायचं काय?

अर्धविराम

काढलेल्या मॉड्यूलच्या जशाच्या तशा प्रती पायपीआयवर (पायथन पॅकेजेसचं ऑनलाइन कोठार) आहेत. टेलनेटसाठी 'स्टँडर्ड-टेलनेटलिब', सीजीआयसाठी 'लेगसी-सीजीआय'. इंपोर्टचं नावसुद्धा बदलावं लागत नाही. टेलनेटला माझी हरकत नाही, आतल्या नेटवर्कपुरतं आहे. सीजीआयचं पान मात्र अपलोड घेतंय, ते ठिगळावर ठेवू नका, नव्याने लिहा. दोनशे ओळींचंच असेल.

मोकळा_तागा

जीआयएलबद्दल जरा सविस्तर, कारण यात गैरसमज फार.

जीआयएल 'गेलेलं' नाही. नेहमीचं ३.१४ उतरवलंत तर त्यात ते आहेच. जीआयएल नसलेलं पायथन हे वेगळं बिल्ड आहे, त्याच्या नावाच्या शेवटी 'टी' लागतो. ३.१३ मध्ये ते प्रायोगिक होतं, ३.१४ पासून अधिकृत सपोर्ट मिळाला. पण डीफॉल्ट नाही.

जीआयएल मुळात होतं कशाला? पायथनमध्ये प्रत्येक ऑब्जेक्टवर 'मला किती जणांनी धरलंय' याचा मोजणीचा आकडा असतो. दोन थ्रेडनी तो एकदम बदलला तर मोजणी चुकते आणि कुणीतरी वापरत असलेली मेमरी मोकळी होते. एकच मोठं कुलूप लावलं की हा प्रश्न मिटतो, पण एका वेळी एकच थ्रेड पायथन चालवतो. कुलूप काढायचं तर ही मोजणीच नव्या पद्धतीने करावी लागते: ऑब्जेक्ट ज्या थ्रेडचं त्याच्यासाठी स्वस्त मोजणी, बाकीच्यांसाठी महाग. त्याची किंमत एका थ्रेडच्या वेगात मोजावी लागते. ३.१३ मध्ये हा तोटा ४० टक्क्यांच्या घरात होता, ३.१४ मध्ये ५ ते १० टक्क्यांवर आलाय.

आता तुमचं काम. तुम्ही आधीच मल्टिप्रोसेसिंग वापरताय, म्हणजे सगळे कोअर आजही कामाला लागलेत. जीआयएल गेल्याने तुमचे चार तास दोन होणार नाहीत. फायदा झालाच तर प्रोसेसमधली डेटाची ने-आण वाचेल. शिवाय सी मध्ये लिहिलेली एखादी लायब्ररी 'मी कुलपाशिवाय चालते' असं जाहीर करत नसेल, तर ती इंपोर्ट होताच पायथन एक वॉर्निंग देऊन जीआयएल परत चालू करतं. लोक हे बघत नाहीत आणि 'काही फरकच पडला नाही' म्हणून ओरडतात.

बाकी ३.९ वरून येताय म्हणजे वेग तसाही मिळेल. एकट्या ३.११ मध्ये सरासरी २५ टक्क्यांची सुधारणा होती. जेआयटीच्या (कोड चालता चालता यंत्रभाषेत बदलणारा भाग) नादी सध्या लागू नका, तो अजून प्रायोगिकच आहे.

चिवट_बग

सगळे पुढे निघून गेले आणि सगळ्यात घातक गोष्ट राहिली.

३.१४ मध्ये लिनक्सवर मल्टिप्रोसेसिंगची डीफॉल्ट पद्धत 'फोर्क' नाही, 'फोर्कसर्व्हर' आहे. आधी पूलमधल्या प्रोसेस मूळ प्रोसेसची हुबेहूब नक्कल असायच्या, ग्लोबल व्हेरिएबलमध्ये भरलेलं सगळं त्यांना आयतं मिळायचं. आता तुमची फाइल नव्याने इंपोर्ट होते. मुख्य ब्लॉकमध्ये (फाइल थेट चालवली तरच चालणारा भाग) भरलेलं काहीही तिथे नसतं.

बदल योग्यच आहे. थ्रेड चालू असताना फोर्क केलं तर दुसऱ्या थ्रेडने धरलेलं कुलूप नकलेत तसंच बंद राहतं आणि प्रोसेस लटकते. पण जुना कोड फोर्कच्याच भरवशावर लिहिलेला असतो. पूल करताना इनिशियलायझर (प्रत्येक प्रोसेस सुरू होताना चालणारं फंक्शन) द्या, किंवा तात्पुरतं कॉन्टेक्स्टमध्ये स्पष्ट 'फोर्क' मागा.

नवखा_पण_हौशी

मध्येच विचारतो, ३.१४ मधल्या टी-स्ट्रिंग एफ-स्ट्रिंगच्या जागी वापरायच्या का?

चिवट_बग

नाही. एफ-स्ट्रिंग लगेच मजकूर बनवते. टी-स्ट्रिंग तुकडे सुटे ठेवते, म्हणजे एचटीएमएल किंवा एसक्यूएल बनवणारी लायब्ररी ते आधी तपासू शकते. नुसतं छापायचं असेल तर एफच. आणि यासाठी वेगळा धागा काढा बरं.

अर्धविराम

चिवट_बग, अनुमोदन. एक जोडतो: ३.१४ ची रिकामी व्हेन्व्ह (पॅकेजेससाठी वेगळी जागा) करून पिपला (पॅकेजेस टाकणारं साधन) 'ओन्ली-बायनरी' लावा आणि तुमची सगळी पॅकेजेस टाकून बघा. ज्याचं व्हील (तयार बिल्ड केलेलं पॅकेज) अजून नाही ते तिथेच अडेल. पाच मिनिटांत कळतं.

कोरी_पाटी

दहा-बारा दिवसांनी अपडेट देतोय, उशिराबद्दल क्षमस्व.

३.१२ वर वॉर्निंग चालू केल्या तर पडदाभर पिवळं. बहुतेक 'यूटीसीनाऊ' (वेळ देणारं जुनं फंक्शन) वापरल्याबद्दलच्या, एकाच हेल्परमधून आलेल्या, अर्ध्या तासात उरकल्या. टेलनेट त्या पायपीआयवरच्या प्रतीवर चालू आहे, स्विचना काही फरक कळलेला नाही. व्हीलच्या परीक्षेत एकच पॅकेज नापास, ते गेली तीन वर्षं कुणी वापरतच नव्हतं, काढून टाकलं.

आणि चिवट_बग, तुम्हाला साष्टांग. ३.१४ वर रात्रीचं काम न अडखळता पूर्ण झालं, एकही एरर नाही. सकाळी रिपोर्ट उघडला तर सगळ्या बेरजा शून्य. दरांचा तक्ता मुख्य ब्लॉकमध्ये भरलेला होता, पूलमधल्या प्रोसेसना रिकामी डिक्शनरी मिळाली, आणि ज्याने लिहिलं त्याने 'नसेल तर शून्य धर' असं लिहून ठेवलंय. तुमचा प्रतिसाद वाचला नसता तर मी आठवडाभर लॉग फायलींनाच शिव्या घालत बसलो असतो. इनिशियलायझर टाकला, आकडे जुन्याशी जुळले. वेळ चारवरून साधारण तीन तासांवर आलीय, नेहमीच्याच बिल्डवर.

सीजीआयचं पान मात्र राहिलंय. दोनशे नाही, नऊशे ओळी निघाल्या. ते लिहून होईपर्यंत वेगळ्या व्हेन्व्हमध्ये ३.१२ वरच ठेवलंय.

तिरपी_रेघ

म्हणजे शेवटी कुणीतरी ३.१२ वर जाऊन झोपलंच.