मदत हवी आहे: बाळाला टीजीए (हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या धमन्यांची अदलाबदल) निघालंय, ऑपरेशन लगेच करायचं की थांबायचं?

नमस्कार. बहिणीला मुलगा झाला, वजन चांगलं, रडला पण लगेच, पण ओठ आणि जीभ जांभळट. आधी सगळे म्हणाले नवजात बाळाचे हातपाय निळसर असतातच, पण जीभ पण तशीच म्हटल्यावर नर्सताईंनी सेन्सर लावला तर सॅच्युरेशन ७२, आणि ऑक्सिजन देऊनही जेमतेम ७५. मग इको (हृदयाची सोनोग्राफी) केला. डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं, महाधमनी हृदयाच्या उजव्या कप्प्यातून निघालीये आणि फुफ्फुसाकडे जाणारी धमनी डाव्यातून, त्यामुळे अशुद्ध रक्त परत शरीरातच फिरतंय आणि शुद्ध झालेलं परत फुफ्फुसात. मध्ये कुठे थोडंफार मिसळतंय त्यावर बाळ तगून आहे.

प्रोस्टाग्लँडिनची ड्रिप चालू आहे, जन्मानंतर आपोआप बंद होणारी एक वाहिनी उघडी राहावी म्हणून. काल रात्री त्याचा श्वासच थांबला, मशीन वाजायला लागलं, नर्सताईंनी तळपाय चोळला तेव्हा परत सुरू झाला. औषधामुळे असं होतं म्हणे. बहीण नुसती त्या आकड्याकडे बघत बसलीये.

आज बलून सेप्टोस्टॉमी (फुग्याने हृदयाच्या वरच्या कप्प्यांमधलं छिद्र मोठं करणं) आहे आणि मग काही दिवसांतच आर्टेरियल स्विच, म्हणजे त्या दोन्ही धमन्या आपापल्या योग्य जागी जोडायचं ऑपरेशन, करायचं म्हणतायत. घरातले मोठे म्हणतात एवढ्याशा जिवाची छाती उघडायची म्हणजे काय, जरा अंग धरू दे. ओळखीतल्या एका मुलीचं टेट्रालॉजीचं (हृदयाचाच दुसरा जन्मजात दोष) ऑपरेशन बरंच उशिरा झालं आणि ती छान आहे. मग इथेच घाई का? बलूनने आकडा वाढला तर थांबता येईल का? कोणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद १
ताई, माझ्या मुलीला हेच होतं, आता शाळेत जाते. टेट्रालॉजीशी तुलना नका करू, तिथे बरेचदा बाळ वाढेपर्यंत थांबता येतं. टीजीएत डावा कप्पा फुफ्फुसाकडे रक्त ढकलत असतो आणि जन्मानंतर फुफ्फुसातला दाब उतरत जातो, म्हणजे त्याचं काम हलकं होतं आणि स्नायू पातळ व्हायला लागतो. स्विचनंतर तर त्यालाच सगळ्या शरीराला रक्त पुरवायचंय! म्हणून खालच्या कप्प्यांमध्ये छिद्र नसेल तर साधारण पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच करतात. बलूनने वरच्या कप्प्यांमधलं छिद्र मोठं होतं, मिसळण सुधारतं, पण डाव्या कप्प्याचा प्रश्न तसाच राहतो. घरच्यांना हेच सांगा.

डॉक्टरांना दोन गोष्टी नक्की विचारा. व्हीएसडी, म्हणजे ते खालच्या कप्प्यांमधलं छिद्र, आहे का, आणि कोरोनरी (हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या धमन्या) कशा निघाल्यात, कारण त्या इवल्याशा धमन्या पण उचलून नव्या जागी जोडायच्या असतात आणि सगळ्यात नाजूक काम तेच. सर्जन हे ऑपरेशन नेहमी करतात का तेही विचारा, त्यात संकोच कसला. १९७५ ला ब्राझीलमध्ये सर्जन जतेने यांनी पहिल्यांदा यशस्वी केलं, आता हीच नेहमीची पद्धत आहे.

धागाकर्ती
खूप आभार दादा. बलून झालं, सॅच्युरेशन ८३ आलंय, जीभ जरा गुलाबी दिसतेय. व्हीएसडी नाहीये म्हणाले, म्हणजे थांबायचं नाही. भावजींना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला, ते संमतीच्या कागदावर सही करायला गेलेत. अजून एक, ऑपरेशनपर्यंत बहिणीने दूध काढून साठवलं तर नंतर बाळाला देतात का?

प्रतिसाद २
हो, बहुतेक ठिकाणी देतात, आधी नळीने. कसं साठवायचं ते एनआयसीयूतच (नवजात बाळांच्या आयसीयूत) विचारा आणि आजपासूनच काढायला लागा, नाहीतर दूध आटतं.