चेतापेशीच्या फांद्या आधीच ठरलेल्या असतात का?

प्रश्न – विज्ञान शिक्षिका, राळेगाव तालुका

दहावीच्या वर्गात चेतापेशीची आकृती काढत असताना एका मुलीने विचारले, “मॅडम, पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) खालच्या पेरांवर गळफांदी, म्हणजे नुसती वाढणारी फांदी, आणि वरच्या पेरांवर बोंडे धरणारी फळफांदी येणार हे ठरलेले असते. या पेशीचेही तसेच असते का?” तिच्या घरी गेल्याच आठवड्यात गळफांद्या काढल्या होत्या. पुस्तकात वृक्षिका (पेशीकडे संदेश आणणाऱ्या फांद्या) आणि अक्षतंतू (संदेश पुढे नेणारा लांब तंतू) ही नावे आहेत, पण या फांद्या फुटतात कशा हे नाही. तिला खरे उत्तर द्यावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

उत्तर – जीवशास्त्राचा अभ्यासक, मूळ गाव वर्धा जिल्ह्यात

प्रश्न फार मोलाचा आहे. पऱ्हाटीची फांदी पानाच्या बेचक्यातल्या डोळ्यातून येते. चेतापेशीला असे डोळे नसतात, आणि तिचा सगळा फांदोरा मिळून एकच पेशी असते. पेशीच्या पृष्ठभागावरून ॲक्टिन या प्रथिनाच्या तंतूंच्या जोरावर केसाहून बारीक अंकुर बाहेर पडतात; त्यांतले बहुतेक काही मिनिटांतच मागे ओढले जातात आणि ज्यांच्यात सूक्ष्मनलिका (पेशीतल्या प्रथिनाच्या बारीक नळ्या) शिरून आधार देतात, तेवढेच फांद्या म्हणून उरतात. बेडकाच्या व झेब्रामाशाच्या पारदर्शक पिल्लांमध्ये हे जिवंतपणी पाहिले गेले आहे, आणि ज्या अंकुराचा शेजारच्या पेशीशी सिनॅप्स (संदेश देण्याघेण्याचा सांधा) जुळतो तो टिकण्याची शक्यता अधिक असते, असे त्यातून दिसले.

तरीही सगळे योगायोगावर सोडलेले नसते. अनुमस्तिष्कातली (मेंदूच्या मागच्या, खालच्या भागातली) पुर्किंजे नावाची चेतापेशी पंख्यासारखी एकाच पातळीत पसरते, हे वळण तिच्या जनुकांतले आहे; मात्र तिला संदेश देणाऱ्या कणिका पेशी ज्या उंदरांत नष्ट होतात, त्यांच्यात तो पंखा खुरटलेला राहतो.

उपप्रश्न – संत्रा बागायतदार, मोर्शी

आमच्या झाडांत फांद्या एकमेकींत शिरतात, म्हणून विरळणी करावी लागते. या पेशीत गुंता का होत नाही?

उत्तर – तोच अभ्यासक

फळमाशीत डीस्कॅम१ नावाचे जनुक आहे, ज्याच्या तुकड्यांच्या वेगवेगळ्या जोडणीतून प्रथिनाची ३८,०१६ रूपे होऊ शकतात. प्रत्येक पेशी त्यांतली मोजकीच रूपे अंगावर वागवते. दोन फांद्यांवर तीच रूपे भेटली की त्या एकमेकींना आपल्याच म्हणून ओळखतात आणि दूर सरतात. परक्या पेशीची रूपे निराळी असल्यामुळे तिच्या फांदीला शेजारून जाऊ दिले जाते. सस्तन प्राण्यांत हे काम मुख्यत्वे प्रोटोकॅडहेरिन नावाची प्रथिने करतात.

शिक्षिका

मनःपूर्वक आभार. उद्या फळ्यावर टिकलेल्या फांद्या ठळक रेषेने आणि मागे गेलेले अंकुर तुटक रेषेने दाखवीन. आकृती काढायला त्या मुलीलाच बोलावते.