चतुरांचे थवे, डास आणि गच्चीवरची ताडपत्री: सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

बी-२०३ (सायं. ५:४०)
सर्व सदस्यांना नमस्कार. आज दुपारपासून पार्किंगवर आणि गच्चीवर पिवळसर चतुरांचा एवढा मोठा थवा घिरट्या घालत आहे की मुलांना खाली खेळायला सोडण्याचा धीर होत नाही. गणपतीनंतर आपल्या बी विंगमध्ये दोघांना डेंग्यू झाला, हे सर्वांना ठाऊक आहेच. माझ्या धाकट्याच्या पोटऱ्यांवर आज पुन्हा लाल गांधी उठल्या आहेत. हे चतुर चावतात का आणि समिती धूरफवारणी केव्हा करणार आहे, हे कृपया कळवावे.

बी-३०१ (५:४६)
वहिनी, तुमची काळजी अगदी रास्त आहे. हेच किडे सकाळपासून माझ्या काळ्या गाडीच्या बॉनेटवर शेपूट टेकवत आहेत, दोनदा पुसूनही पुन्हा येतात. धूरफवारणी तातडीने करावी, असे मी श्रावणापासून लिहीत आहे.

ए-१०१ (५:४८)
ए विंगच्या टाकीचे झाकण मे महिन्यापासून तुटलेले आहे. फवारणीची चर्चा करण्यापूर्वी तिकडे पाहावे, ही विनंती.

ए-४०२ (५:५९)
बी-२०३ च्या ताईंना प्रथम सांगतो की चतुर माणसाला डंख करत नाही, त्याला नांगीच नसते. पाऊस ओसरू लागला की आपल्या सड्यावर, म्हणजे या कातळाच्या पठारावर, दरवर्षी हे थवे दिसतात, कारण पावसाळ्यात कातळावर साचणाऱ्या डबक्यांत आणि मागच्या बंद चिरेखाणीत त्यांची पिल्ले वाढलेली असतात. ही पिल्ले पाण्यात डासांच्या अळ्या खातात आणि पंख फुटल्यावर हेच चतुर हवेतले डास आणि चिलटे टिपतात. बी-३०१ च्या गाडीबद्दल म्हणाल, तर गडद चकचकीत पत्र्यावरून उजेड पाण्यावरून परततो तसाच परततो, त्यामुळे मादी बॉनेटला पाणी समजून तिथे अंडी घालू पाहते. ती अंडी उन्हाने वाळून जातात, म्हणून गाडी सावलीत लावावी किंवा तिच्यावर कापड घालावे, एवढे पुरेसे आहे.

यांपैकी बहुतेक चतुर पँटाला फ्लॅव्हेसेन्स या भटक्या जातीचे आहेत. मालदीवमध्ये गोडे पाणी उघड्यावर जवळजवळ नसतानाही दर ऑक्टोबरला हे चतुर हजारोंनी येतात, हे तिथे राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाच्या लक्षात आले. हे चतुर भारतातून निघून समुद्र ओलांडत पूर्व आफ्रिकेकडे जातात, असे अँडरसन यांनी २००९ मध्ये मांडले. एवढ्या लांबच्या प्रवासाला निघणाऱ्या पाहुण्यांवर आपण धूर सोडू नये, असे मला मनापासून वाटते.

बी-३०१ (६:०४)
काका, आपल्या अभ्यासाबद्दल आदर आहे. परंतु ताप चतुरांना आलेला नाही, मुलांना आला आहे. धूरफवारणी तातडीने करावी.

ए-३०४ (६:०७)
ती चिरेखाण बुजवून टाकली तर मुळावरच घाव बसेल, असे मला वाटते.

सी-१०३ (६:०९)
बुजवण्याचा विषय निघालाच आहे, तर ए-३०४ यांनी जिन्यात मांडलेल्या सतरा कुंड्यांपासून सुरुवात करावी. त्यांच्याखालच्या ताटल्यांत पाणी साचलेले मी रोज पाहते.

ए-३०४ (६:११)
त्या कुंड्या समितीच्या लेखी परवानगीने ठेवलेल्या आहेत. दोन वर्षांपूर्वीचा राग आता काढू नये.

ए-१०१ (६:१२)
टाकीच्या झाकणाबद्दल कोणीही उत्तर दिलेले नाही.

सचिव (६:२०)
सर्वांनी संयम राखावा, ही विनंती. धूरफवारणीच्या खर्चावर समितीच्या बैठकीत विचार करू.

ए-४०२ (६:३१)
बी-३०१, तुम्ही मुलांच्या तापाचा विषय काढला, तो अगदी योग्य आहे, म्हणून त्याच मुद्द्यावर लिहितो. चतुर आपल्याला डेंग्यूपासून वाचवतील, असा माझा दावा मुळीच नाही. डेंग्यूचा डास, म्हणजे पायांवर पांढरे पट्टे असलेला एडिस, खाणीच्या पाण्यात वाढत नाही. तिथे मासे आणि चतुरांची पिल्ले त्याच्या अळ्या शिल्लक ठेवत नाहीत. त्याला आपल्या घराजवळचे थोडे, संथ आणि स्वच्छ पाणी लागते: कुंडीखालची ताटली, फ्रिजच्या मागचा ट्रे, नारळाची करवंटी. तिथे चतुर पोहोचत नाही, तिथे आपल्यालाच पोहोचावे लागेल. हा डास दिवसा चावतो आणि जन्मल्या जागेपासून फार दूर जात नाही, त्यामुळे बी विंगमध्ये ताप असेल तर डासही बहुधा बी विंगच्याच आसपास जन्मले असणार. धुराने फक्त त्या वेळी उडणारे डास मरतात, पाण्यातल्या अळ्यांना काहीही होत नाही आणि पडद्यामागे बसलेल्या डासापर्यंत बाहेरचा धूर फारसा पोहोचत नाही. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात, म्हणजे आज धूर केला तरी पुढच्या आठवड्यात नवे डास असतीलच. चतुर मात्र दिवसाढवळ्या उडत असल्यामुळे तेवढे आपण मारून बसू.

ए-२०१ (६:३८)
मी रुग्णालयात काम करते म्हणून एवढेच सुचवते की ताप आल्यास रक्ततपासणी होईपर्यंत ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. डेंग्यू असल्यास त्यांमुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो.

बी-२०३ (६:४४)
काका, हे ठाऊक नव्हते, आभारी आहे. मी आताच मुलाला घेऊन बी विंगच्या गच्चीवर जाऊन येते.

बी-२०३ (७:१०)
गच्चीच्या कोपऱ्यात मंडपाची निळी ताडपत्री घडी न करता टाकलेली आहे. तिच्या प्रत्येक खळग्यात ओंजळभर पाणी आहे आणि त्या पाण्यात शेवयांच्या तुकड्यांएवढ्या काळपट अळ्या शेपटीने पृष्ठभागाला लटकलेल्या आहेत. माझ्या हाताची सावली पडताच सगळ्या वळवळत तळाशी गेल्या. याच गच्चीवर मी महिनाभर मुलांचे कपडे वाळत घालत आहे. विजेरीच्या उजेडात फोटो काढले आहेत, पाठवते.

सी-१०३ (७:१३)
मंडपाची जबाबदारी कोणाची होती, हे सर्वांना माहीत आहे.

बी-३०१ (७:२१)
जबाबदारी माझी होती. विसर्जनाच्या रात्री पाऊस होता, म्हणून ताडपत्री वाळत पसरली आणि नंतर ती उचलायची राहून गेली. वहिनी, मी वर जात आहे.

ए-४०२ (७:२४)
पाणी गटारात ओतू नका, कोरड्या कौलांवर किंवा मातीवर ओता, म्हणजे अळ्या मरतील. ताडपत्री घासूनच ठेवा, कारण एडिसची अंडी कडेला चिकटून राहतात, कोरड्यातही महिनोन्‌महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी लागले की फुटतात. कुंड्यांच्या ताटल्यांनाही हेच लागू आहे. ए-३०४, हे आरोप म्हणून लिहिलेले नाही.

ए-३०४ (७:३०)
ताटल्या आजच काढून ठेवते. कुंड्या मात्र राहतील.

सचिव (८:०५)
बी-३०१ आणि मी दोन्ही गच्च्या पाहून आलो. ताडपत्री घासून जिन्याखाली ठेवली आहे. धूरफवारणीचा विषय तूर्त बाजूला ठेवत आहोत. त्याऐवजी दर रविवारी सकाळी ८ वाजता प्रत्येकाने आपल्या घरातील साचलेले पाणी ओतून भांडी घासावीत आणि प्रत्येक विंगमधील दोघांनी गच्ची, पार्किंग व मीटरची खोली पाहावी. चिरेखाणीला कोणीही हात लावू नये.

ए-१०१ (८:०७)
या सूचनेत टाकीच्या झाकणाचा उल्लेख नाही. मलेरियाचा डास उघड्या टाकीत वाढतो, म्हणून मी मे महिन्यापासून लिहीत आहे. माझ्या घरी ८२ वर्षांची आई आहे.

सचिव (८:१६)
काका, मी आत्ता टाकीवर चढूनच पाहिले. झाकणाला हातभर चीर आहे आणि आतल्या पाण्यात अळ्या दिसल्या. मी हे पाच महिन्यांपूर्वीच पाहायला हवे होते, त्याबद्दल मनापासून क्षमस्व. आज रात्री जाळी बांधून घेत आहोत, उद्या टाकी रिकामी करून धुऊ आणि नवे झाकण बसवू. उद्या सकाळी ९ ते दुपारी २ या वेळेत ए विंगला पाणी येणार नाही, तरी सर्वांनी आजच पाणी भरून ठेवावे आणि ते झाकून ठेवावे.