माझे मॉड मी काढून घेतले. चुकलो का?

शटलवाला (म्हापसा):
'युरो ट्रक सिम्युलेटर २' हा २०१२चा खेळ. युरोपभर ट्रक हाकायचे, एवढेच त्यात. मी नऊ वर्षे त्याच्यासाठी मॉड बनवले, म्हणजे खेळाडूने स्वतः करून खेळात घालायची भर: माझी भर म्हणजे गोव्याच्या सरकारी 'कदंब'च्या बसगाड्या. रॉटरडॅमच्या रस्त्यावरून पणजी–म्हापसा शटल धावतेय, असे फोटो आखातात कामाला असलेली आपली पोरे मला पाठवायची. गेल्या आठवड्यात सगळ्या फाइली काढल्या आणि हात धुतले. तेव्हापासून इनबॉक्सात शिव्या येताहेत.

झाले असे, एका चॅनेलवाल्याने माझी गाडी उचलली, मागच्या काचेवरचे माझे नाव पुसले आणि फाइलला पासवर्ड लावला. पासवर्ड कुठे, तर त्याच्या व्हिडिओत नवव्या मिनिटाला. तक्रार केली, फाइल गेली, चार दिवसांनी दुसऱ्या नावाने परत हजर. वर पोरे मलाच विचारतात, अंकल, पासवर्ड काय?

काम किती असते ते ऐका. मूळ ढाच्यात बसच्या दोन्ही बाजूंना एकच चित्र गुंडाळलेले होते, डाव्या बाजूचेच उजवीकडे आरशात पाहिल्यासारखे. नुसता रंग असेल तर चालते, अक्षरांना चालत नाही. डावीकडे 'कदंब' सरळ आणि उजवीकडे उलटे, रुग्णवाहिकेच्या कपाळावर असते तसे. मग 'ब्लेंडर' या थ्रीडी प्रोग्राममध्ये उजवी बाजू उसवली, चित्रावर तिला वेगळी जागा दिली, खिडकीची एकेक कड परत जुळवली. ऑफिसातून आल्यावर रात्री बसायचो, तीन आठवडे गेले.

मॉड वाटणाऱ्या 'नेक्सस मॉड्स' या साइटवाल्यांनी जुलै २०२१ मध्ये जाहीर केले की यापुढे मॉडरला, म्हणजे मॉड बनवणाऱ्याला, आपली फाइल कायमची पुसता येणार नाही. ती आत जपून ठेवली जाईल, कारण इतरांनी केलेली 'कलेक्शन्स', म्हणजे अनेक मॉड एकत्र लावायच्या याद्या, मोडायला नकोत. ज्याला हे पटत नाही त्याला फाइली पुसायला महिनाभराची मुदत. कित्येक जुने लोक त्या मुदतीत बिऱ्हाड उचलून गेले. मी म्हणतो, बरे केले. ज्याची वस्तू त्याचा हक्क.

साखळीकर:
शटलवालेबाब, राग कळतो. पण हे चोर सोडून संन्याशाला सुळी झाले. तुमची फाइल त्या चोराकडे अजून आहेच. आता ज्याला शटल हवी, तो त्याच्याच दारात जाणार. धंदा त्याचा वाढवलात तुम्ही.

मी तुमच्या गाडीवर वाळपई–पणजीचा बोर्ड चढवला होता, आत कंडक्टरच्या शिटीचा आवाज बसवला होता. तुमची फाइल नसेल तर ते काहीच चालत नाही. ते कष्ट कोणाचे धरायचे? आणि रागावू नका, बसचा मूळ ढाचा तुमचा होता का?

थांबलेला १.५.९७:
मी शटलवाल्यांच्या बाजूने. माझे हे नाव 'स्कायरिम' या खेळाच्या एका आवृत्तीचे. खेळ २०११चा. नोव्हेंबर २०२१ मध्ये दहा वर्षे झाली म्हणून कंपनीने मूळ प्रोग्रामच बदलला आणि त्या प्रोग्रामला जोडून चालणाऱ्या 'स्क्रिप्ट एक्स्टेंडर'वर टेकलेले मॉड धडाधड बंद पडले. परत उभे कोणी करायचे? फुकट राबणाऱ्यांनीच. काहींनी केले, काहींनी हात टेकले. ज्यांनी टेकले त्यांचेच मॉड मला प्रिय, म्हणून मी १.५.९७ वरच बसून आहे.

पैशाचा विषय काढला की सगळ्यांना समाजसेवा आठवते. एप्रिल २०१५ मध्ये खेळांचे ऑनलाइन दुकान चालवणारी व्हॉल्व आणि स्कायरिमवाली बेथेस्डा यांनी स्कायरिमचे मॉड विकायला काढले. मॉडरला २५ टक्के, उरलेले ७५ त्या दोघांत. खेळाडूंनी एवढा गोंधळ घातला की आठवडा व्हायच्या आत दुकान बंद. कंपन्यांना शिव्या पडल्या ते ठीक, पण पैसे मागणारा मॉडरही लोभी ठरला. जुनी माणसे का जातात, विचारता?

पेटीमास्तर (डिचोली):
मला गेममधले कळत नाही, मुलगा खेळतो. भजनी मंडळात मात्र तीस वर्षे काढली. आमचे एक जुने गायक रुसून गेले. पेटी त्यांची होती, घेऊन गेले, कोणी हूं की चूं केले नाही. पण त्यांनी बसवलेल्या गजराची चाल आम्ही अजून म्हणतो. ती कशी नेणार? फाइल ही पेटी की चाल, ते आधी ठरवा.

शटलवाला:
मास्तर, तीच चाल बाहेरच्या कोणी स्वतःच्या नावावर कॅसेट काढून विकली असती तर?

पेटीमास्तर:
विकली. आम्ही अजून म्हणतो.

फोंडेकरीण:
मी २०१४ मध्ये कॉलेजात होते. भाऊ आणि त्याच्या वर्गातल्या पोरांसाठी घरच्या जुन्या संगणकावर 'माइनक्राफ्ट' या ठोकळे रचायच्या खेळाचा सर्व्हर चालवायचे, 'बक्किट' हा फुकटचा प्रोग्राम वापरून. ऑगस्टमध्ये बक्किट चालवणाऱ्यांनी जाहीर केले, आम्ही थांबतो. लगेच माइनक्राफ्टवाली मोजांग कंपनी म्हणाली, थांबवणारे तुम्ही कोण, प्रकल्प आम्ही कधीच घेतलाय. म्हणजे जे आपले म्हणून फुकट राबत होते त्यातल्या बऱ्याच जणांना मालक कोण तेच माहीत नव्हते! सप्टेंबरात त्यांच्यातल्याच एका जुन्या माणसाने कॉपीराइटची नोटीस दिली: माझा कोड खुल्या परवान्याचा, तो तुमच्या बंद कोडला जोडून वाटता येणार नाही. डाउनलोड बंद.

कायद्याने त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते, असे मला तेव्हाही वाटले. पण घरात भाऊ रडत होता, कारण चतुर्थीच्या सुटीत पोरांनी बांधलेले गाव अडकले होते. शेवटी बक्किटवरूनच निघालेल्या 'स्पिगॉट'वाल्यांनी तोड काढली. तयार फाइल वाटायचीच नाही. एक छोटा प्रोग्राम द्यायचा, तो सगळे तुकडे तुमच्याच संगणकावर आणून तिथेच जोडतो. मी तो रात्रभर चालवला. पंख्याचा आवाज ऐकून आई दोनदा उठली.

साखळीकर, तुम्ही बोर्ड चढवताना परवानगी मागितली होती का, तेही सांगा.

साखळीकर:
मागितली होती. दोनदा. उत्तर आले नाही.

आणि निघून जाण्याची दुसरी तऱ्हाही आहे. 'वॉरक्राफ्ट ३' या खेळाचा डोटा हा नकाशा, म्हणजे एक मॉडच, युल नावाने वावरणाऱ्या एकाने केला. तो बाजूला झाला तेव्हा २००४ मध्ये त्याने लिहून टाकले की हे आता सगळ्यांना खुले. पुढे दुसऱ्यांनी वाढवला, मग आइसफ्रॉग नावाच्या एकाने सांभाळला, आणि २०१३ मध्ये व्हॉल्वचा 'डोटा २' हा स्वतंत्र खेळ आला. युलने नकाशा बगलेत मारून नेला असता तर?

थांबलेला १.५.९७:
अर्धेच सांगता. व्हॉल्वने पुढे युलला कामावर घेतले. शटलवाल्यांना कोण घेणार, कदंब?

शटलवाला:
कदंबने अजून बोलावलेले नाही.

ढाच्याचे विचारलेत ते बरोबर. तो एका इंडोनेशियन मॉडरचा. मी परवानगी मागितली, त्याने एका ओळीत दिली. तो आता कुठे दिसत नाही. त्याने जाताना फाइल उचलली असती तर माझी गाडी झालीच नसती, हे मी इनबॉक्सातल्या कोणाला सांगितले नव्हते. आणि कदंबची अक्षरे तरी माझी कुठे आहेत?

तरीही पूर्ण गाडी परत ठेवणार नाही. साखळीकर, उजवी बाजू उसवलेली फाइल तेवढी तुम्हाला पाठवतो, कोरी. वर काय लिहायचे ते तुम्ही लिहा. तुमचे दोन्ही मेसेज आत्ता शोधून काढले. उत्तर द्यायला हवे होते.

थांबलेला १.५.९७:
देऊ नका म्हणतो मी. महिन्याभरात त्यालाही पासवर्ड लागलेला दिसेल.

साखळीकर:
माझ्याकडून लागणार नाही, बाकीच्यांचे मी काय सांगू? बाब, एक राहिले. 'कदंब'ला फॉन्ट कुठला वापरला होता? मी सात-आठ लावून बघितले, 'द'ची शेपटी जुळत नाही.

शटलवाला:
फॉन्ट नव्हता. म्हापशाच्या स्टँडवर गाडी लागलेली असताना मोबाइलवर फोटो काढला आणि वरून गिरवले. त्या गाडीवरचा 'द' पेंटरचा होता.