अनुभव धागा: क्लबच्या बुद्धिबळाच्या डावात अर्धा गुण कुठे सांडतो?

ओपनिंगवर, म्हणजे सुरुवातीच्या खेळ्यांवर, सगळेच बोलतात. इथे ९० मिनिटं आणि दर खेळीला ३० सेकंद वाढ, अशा डावातल्या हाताच्या, कागदाच्या आणि शेवटाच्या गोष्टी लिहा.

अडीच घरं: ३० सेकंदांची वाढ असली की शेवटपर्यंत खेळ्या लिहाव्याच लागतात, मिनिटभर उरलं तरी सूट नाही. आधी पटावर खेळी, मग कागदावर. किल्लेकोट (राजा आणि हत्ती एकाच खेळीत हलवणं) करताना एकाच हाताने आधी राजा. हत्तीला आधी हात लागला की त्या खेळीला त्या बाजूचा किल्लेकोट गेला.

तिरका उंट: आधी पटावर, मग कागदावर याला अपवाद बरोबरीच्या दाव्याचा. तिसऱ्यांदा तीच स्थिती येणार असेल तर खेळी आधी लिहायची, खेळायची नाही. घड्याळ थांबवून पंचांना बोलवायचं. बरेच जण खेळी करून, घड्याळ दाबून मग हात वर करतात. तोवर हक्क गेलेला असतो. दावा चुकला तर समोरच्याला २ मिनिटं जादा.

हत्तीवेडा: खरी गळती हत्तीच्या शेवटात, म्हणजे दोन्हीकडे एकेक हत्ती उरतो तेव्हा. (घरांच्या नावात अक्षर उभ्या ओळीचं, अंक आडव्या रांगेचा.) पांढऱ्याचा राजा डी-५, प्यादं इ-५, हत्ती एच-७. काळ्याचा राजा इ-८. काळ्याने हत्ती बी-६ वर आणून ठेवायचा आणि त्याच रांगेत इकडेतिकडे करत राहायचं. पांढऱ्या राजाला सहाव्या रांगेत पाऊल टाकता येत नाही. प्यादं इ-६ वर सरकलं की लगेच हत्ती बी-१! राजाचा आडोसा प्याद्यानेच खाल्ला, आता मागून शह देत बसा, बरोबरी. हत्ती आधीच खाली नेला तर राजा इ-६ वर येऊन बसतो आणि बचाव फार अवघड होतो. घाबरून हत्ती आठव्या रांगेत कोंबणं त्याहून वाईट.

अडीच घरं: कडेच्या किंवा घोड्याच्या प्याद्यासमोर मात्र आठव्या रांगेतला हत्तीही तगतो.

हत्तीवेडा: बरोबर, मी मधल्या प्याद्याबद्दल बोलत होतो.

जादा वजीर: प्यादं आठव्या घरात नेऊन त्याचा वजीर करताना वजीर हाताशी नसेल तर घड्याळ थांबवून पंचांकडे मागा. उलटा ठेवलेला हत्ती हत्तीच धरला जातो, तोंडाने काहीही म्हणा. बरोबरी विचारायची तर खेळी करून, घड्याळ दाबण्याआधी.